झाकली मूठ, कोणाचे सव्वा लाख?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. फसवणूक कशाला म्हणायचं हे त्याच्या सतराव्या कलमात सांगितलंय, आणि ते समजावून द्यायला कायद्याने एक घोडा वापरलाय. 'अ' हा 'ब'ला लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे 'अ'ला माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही.

दुसऱ्या उदाहरणात घोडा तोच, पण 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र दोष सांगणं हे 'अ'चं कर्तव्य ठरतं. तिसऱ्या उदाहरणात 'ब' म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. 'अ' गप्प बसतो. कायदा म्हणतो, हे गप्प बसणं म्हणजे बोलणंच.

घोडा एकच, दोष एकच, गप्प बसणाराही एकच. बदललं ते एवढंच की समोर कोण आहे आणि तो काय म्हणाला. ही तीन उदाहरणं गेले काही महिने माझ्या डोक्यात घोळतायत. त्याला कारण मात्र घोडा नाही, एक जुनी निसान ३७०झेड आहे.

गाडी कुठून आली

गाडी माझ्या मित्राची. आम्ही दोघंही लोणखेड्याचे, शहाद्याला चिकटून असलेल्या गावचे. गावाजवळून अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता जातो, आणि लहानपणी त्यावर आम्ही काय पाहिलं तर उसाच्या ट्रॉल्या, केळी-पपईचे ट्रक आणि एसटी. पण संध्याकाळी कुणाच्यातरी घरच्या कॉम्प्युटरवर 'नीड फॉर स्पीड' चालू झालं की आमच्या गाड्या वेगळ्या असायच्या. स्कायलाइन, सुप्रा, आरएक्स-७. टोकियो कुठे आहे हे नकाशात धड दाखवता आलं नसतं, पण स्कायलाइनचे मागचे चार गोल दिवे वहीच्या मागच्या पानावर बरोबर काढता यायचे. आमच्या वयाच्या पुष्कळ पोरांची पहिली जपानी भाषा म्हणजे गाड्यांची नावं.

नोकरी लागल्यावर, हातात पैसे आल्यावर कळतं की ती गाडी आपल्याकडे येऊच शकत नाही. भारतात बाहेरची जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि ती मुंबई बंदरातूनच यायला हवी. जुन्या गाडीवरचं मूळ सीमाशुल्क कित्येक वर्षं १२५ टक्के होतं, आणि बाकीचे कर त्याच्यावर. अमेरिकेत नियम उलटा आहे. तिथे २५ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला सुरक्षेच्या नियमांतून सूट मिळते. म्हणून १९९९ सालची आर३४ स्कायलाइन २०२४ पासून तिथे रीतसर नेता येऊ लागली. कॅलिफोर्नियात नोकरी करणाऱ्या आमच्याच वर्गातल्या मुलाला जे स्वप्न आज कायदेशीरपणे घेता येतं, ते पुण्यातल्या मुलाला कायदेशीरपणे घेता येत नाही. बेकायदा वाट असतेच. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने 'ऑपरेशन नुमखोर' या नावाने छापे घातले, ते भूतानमार्गे आणलेल्या जुन्या गाड्यांच्या शोधात. अशा गाडीतला दोष लोखंडात नसतो, कागदात असतो.

सरळ मार्गाने मिळण्यासारखं उरतं ते एवढंच, की कंपन्यांनी स्वतः जपानमधून तयार आणून इथे नव्या विकलेल्या मोजक्या गाड्या. मित्सुबिशीची लॅन्सर इव्हो एक्स, निसानची ३७०झेड, नंतर २०१६च्या डिसेंबरात आलेली जीटी-आर. ३७०झेड आली तेव्हा तिची किंमत पन्नास लाखांच्या वर होती. दोन सीटा, ३.७ लिटरचं व्ही६ इंजिन, आणि स्पीड ब्रेकरवर पोट घासणारी उंची. फार थोड्या खपल्या. दहा-बारा वर्षांनी त्यांतली एखादी तिसऱ्या-चौथ्या मालकापर्यंत येते, तेव्हा आयटीतला पगार आणि बँकेचं कर्ज यांच्या टप्प्यात येते.

इथेच खरी अडचण सुरू होते. जुनी स्विफ्ट घेताना भाव काय असावा हे गल्लीतला कुणीही सांगतो. झेडचा भाव कुणालाच माहीत नसतो, कारण तुलनेला दुसरी झेड नसते. मेकॅनिक मोजके. सरकारच्या वाहन पोर्टलवर मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे दिसतं. गाडी कधी कुठे धडकली होती का, हे तिथे दिसत नाही. ते फक्त विकणाऱ्याला माहीत असतं.

लिफ्टवर काय दिसलं

मित्राने झेड घेतली. दीड वर्ष चालवली. एकदा पुढच्या चाकाचा आवाज आला म्हणून चांगल्या गॅरेजमध्ये नेली, तर लिफ्टवर चढवल्यावर मेकॅनिकने टॉर्च मारून दाखवलं. पुढचा अ‍ॅप्रन कापून जोडलेला, त्याखालचा चॅसिसचा भाग ओढून सरळ केलेला, वेल्डिंगवर रंगाचा जाड थर. गाडी कधीतरी समोरून चांगली ठोकली गेली होती.

हा भाग शोभेचा नसतो. धडक बसली की आधी स्वतः चुरडून आतल्या माणसाला वाचवायचं, एवढंच त्याचं काम. एकदा चुरडून परत ओढलेलं लोखंड दुसऱ्यांदा ते काम तसंच करेल याची हमी कुणी देत नाही.

याच सुमारास त्याची नोकरी गेली. कर्जाचा हप्ता चालू, घरी बहिणीचं शिक्षण. गाडी विकायला काढली. एक मुलगा बघायला आला. आमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान, आमच्यासारखाच. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, इंजिन चालू करायला लावून डोळे मिटून आवाज ऐकला आणि विचारलं, "दादा, टायर कधी बदलले?" बाकी काही नाही.

तो गेल्यावर मित्र मला म्हणाला, "त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. यात खोटं कुठेय?" मी काही बोलायच्या आत त्याने पुढचं वाक्य टाकलं, "आणि मला कुणी सांगितलं होतं?"

ही दोन वाक्यं वेगवेगळी आहेत. पहिलं सगळेच विकणारे बोलतात. दुसरं फक्त फसवला गेलेला माणूस बोलू शकतो, म्हणून ते जास्त जड आहे.

विचारलं नाही, सांगितलं नाही

पहिलं वाक्य आमच्या भागात नवीन नाही. लोणखेड्याहून तासाभराच्या आत तापीकाठी सारंगखेडा आहे. तिथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठियावाडी, पांढराशुभ्र नुकरा. घोडा बघणारा माणूस आधी दात बघतो, मग खूर, मग अंगावरचे भोवरे. गळ्याखालचा देवमण शुभ, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी भाग्याचा. घेणारा बघत असतो, विकणारा घोड्याची मान थोपटत उभा असतो. आमच्या अहिराणीत या सगळ्याचं सार दोन तुकड्यांत येतं: त्यानी इचारं नई, मी सांगं नई.

पण त्याच मुलखात दुसरी एक रीतही मी ऐकत आलोय. बैल विकताना खोड सांगून विकायची. मारका आहे, पाण्यात बसतो, डावीकडे जुंपला तर चालत नाही, हे आधी सांगायचं आणि मग भाव करायचा. ही रीत पाळणारे सगळे संत होते असं नाही. ज्याला बैल विकला तो पुढच्या बाजारी पुन्हा भेटणार होता, त्याच्या गावात आपली सोयरीक होती. करार कायद्यातल्या घोड्याच्या दुसऱ्या उदाहरणातली मुलगी इथे सगळीकडेच असते, फक्त थोडी लांबची.

जुन्यांनी हा प्रश्न माणसाच्या चांगुलपणावर सोडला नव्हता. याज्ञवल्क्य स्मृतीत घेतलेल्या वस्तूची परीक्षा करायला मुदती दिल्या आहेत. बियाण्याला १० दिवस, लोखंडाला १, ओझं वाहणाऱ्या जनावराला ५, दुभत्या जनावराला ३, रत्नाला ७. (याच यादीत विकत घेतलेल्या माणसांसाठीही मुदत आहे. ते वाचून थांबायला होतं. वस्तूच्या दोषाची एवढी काळजी घेणाऱ्या यादीत माणूस वस्तू म्हणून बसला होता.) त्या हिशेबाने झेडला ५ दिवस मिळाले असते. आज टोकन दिलं, आरसी नावावर झाली की विषय संपतो.

हा वाद जगातही फार जुना आहे. रोमन लेखक सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा, बॅबिलोनचा डायोजिनिस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर यांचा, वाद मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येतायत हे त्याला एकट्याला माहीत आहे. त्याने ते सांगावं की गप्प राहून चढा भाव घ्यावा? पुढे दुसरं उदाहरण घराचं. राहायला अपायकारक असलेलं घर विकणाऱ्याने ते सांगावं का?

अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगावं. गुरू डायोजिनिस म्हणतो, न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. मी तुला घे म्हणून जबरदस्ती केली नाही, तुझे डोळे तुझ्याकडे होते. आणि "रोगट घर विकणे आहे" अशी दवंडी कुणी पिटतं का? सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. तो म्हणतो, नुसतं न बोलणं म्हणजे लपवणं नव्हे. दुसऱ्याला जे कळणं त्याच्या हिताचं आहे, ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू नये असं वाटणं, हे लपवणं.

मला सिसेरोची व्याख्या पटते, पण अँटिपेटरचं 'सगळं सांगावं' पटत नाही. विकणाऱ्याने सगळं सांगायचं तर मित्राने हेही सांगायला हवं की माझी नोकरी गेलीय, पुढच्या पाच तारखेला हप्ता आहे, तू दोन लाख कमी म्हणालास तरी मी देईन. असं कुणी मागणार नाही आणि मागूही नये. मग रेघ कुठे ओढायची?

माझी रेघ अशी आहे. जे वस्तूत आहे ते वस्तूबरोबर जातं. जे माझ्यात आहे ते माझ्याकडे राहतं. माझी गरज, माझी घाई, मी किती किमतीला घेतली होती, आणखी कोण बघायला येणार आहे, हे माझं. अ‍ॅप्रनवरचं वेल्डिंग माझं नाही, ते गाडीचं आहे. गाडी मी विकली की ते त्याच्या घरी जाणार, त्याच्या पायांपुढे चार फुटांवर बसणार. किल्ली दिली आणि ती माहिती मागे ठेवली, तर मी त्याला अर्धी गाडी विकली आणि पैसे पूर्ण घेतले.

या रेघेने बघितलं तर ऱ्होड्सच्या व्यापाऱ्याच्या धान्यात दोष नाही, बातमी धान्याबाहेरची आहे. आपल्या करार कायद्याचं चौथं उदाहरणही हेच सांगतं. भावातल्या बदलाची खासगी बातमी एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला सांगायलाच हवी असं नाही. (दुष्काळात उपाशी माणसांसमोर असं वागावं का, हा प्रश्न मग विक्रीचा उरत नाही, माणुसकीचा होतो.) पण घोड्याच्या पहिल्या उदाहरणात मी कायद्याबरोबर नाही. तो दोष घोड्यात आहे. गंमत अशी की आपला कायदा स्वतःही इथे एका जागी उभा नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५व्या कलमात घर किंवा जमीन विकणाऱ्याने, घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा मोठा दोष माहीत असेल तर सांगायला हवा, असं लिहिलंय. भिंतीत लपलेली भेग सांगायची. चॅसिसमध्ये लपलेली भेग समोरचा विचारेपर्यंत सांगितली नाही तरी चालेल.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज हे करतो. एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे काम सोपवताना एक यादी असते, माहीत असलेल्या बिघाडांची. ती यादी वाचून कुणी आपल्याला शाबासकी देत नाही. पण ती न देता प्रोजेक्ट सोडून गेलेल्या माणसाचं नाव पुढची दोन वर्षं रात्री दोन वाजता निघतं.

"मला कुणी सांगितलं होतं?"

आता दुसरं वाक्य. मित्राचा मुद्दा साधा नाही. त्याने दोषी गाडीचे निर्दोष गाडीचे पैसे मोजले. आता खरं सांगून विकली तर तोटा त्याचाच. म्हणजे लबाडी पहिल्याने केली, मजा त्याने मारली, आणि दंड प्रामाणिक राहणाऱ्याने भरायचा. हा न्याय कसा?

न्याय नाहीच. पण गप्प राहून तो अन्याय दूर होत नाही, फक्त पत्ता बदलतो. ज्याने मित्राला फसवलं त्याच्याकडून ते पैसे वसूल होत नाहीत. ते वसूल होतात डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकणाऱ्या त्या पोराकडून, ज्याने मित्राचं काहीही वाकडं केलेलं नाही. पाकीट मारलं गेलं म्हणून पुढच्या स्टॉपवर दुसऱ्याचं मारलं, तर त्याला कुणी भरपाई म्हणत नाही.

आणि मित्राला नेमकं काय लागलं होतं, हे मी पाहिलं होतं. पैशांबद्दल तो एकदाच बोलला. पुन्हा पुन्हा बोलला ते आधीच्या मालकाबद्दल. त्याने घरात बोलावून चहा दिला, 'भाऊ, पोरासारखी जपलीय' म्हणाला, आणि तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. आपण एका खोलीत बसून हसत असताना समोरच्याने आपल्याला मूर्ख म्हणून मोजलं होतं, हे नंतर कळणं हा वेगळाच अपमान असतो. तो अपमान काय असतो हे माहीत असलेला माणूसच तो पुढे देऊ लागला, तर आधीच्या मालकापेक्षा त्याची बाजू कमकुवत होते. आधीचा मालक निदान असं म्हणू शकतो की कसं वाटतं याची मला कल्पना नव्हती.

मित्राचा आणखी एक मुद्दा मला जास्त अवघड वाटला. तो म्हणाला, जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण संशय धरूनच भाव करतो. म्हणजे दोषाचे पैसे त्याने आधीच कापलेले असतात. मी सांगितलं तर तो पुन्हा कापणार. माझं दुहेरी नुकसान.

हे चूक नाही. यावरच जॉर्ज अकरलॉफने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दलचा प्रसिद्ध निबंध लिहिला. आधी काही नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. २००१ साली अकरलॉफला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घेणाऱ्याला चांगली गाडी आणि वाईट गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो मधला भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. वाईट उरतात, भाव आणखी पडतो. हा निबंध लिहिण्याच्या सुमारास, १९६७-६८ मध्ये, अकरलॉफ दिल्लीत होता, आणि त्या निबंधात आपला तांदूळही आहे. भारतीय गृहिणीला बाजारातल्या तांदळातून मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाचे नि आकाराचे खडे वेचावे लागतात, असं त्याने नोंदवलंय. आपल्या आज्यांनी ताटात तांदूळ पसरून घालवलेल्या त्या दुपारी कुठल्याच हिशेबात आल्या नाहीत. खडा टाकणाऱ्याला मिळालेले चार पैसे आणि वेचणारीच्या गेलेल्या दुपारी यांचा मेळ लागत नाही. अकरलॉफही हेच म्हणतो. लबाडीची किंमत म्हणजे फसलेल्या माणसाचं नुकसान एवढंच नाही, तिच्यामुळे सरळ धंदा उठून जातो तेही त्यात धरायला हवं.

म्हणजे मित्र ज्या संशयामुळे दुहेरी नुकसान सोसतोय, तो संशय त्याच्यासारख्याच अनेकांच्या गप्प बसण्यातून तयार झालाय. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असं आपण म्हणतो. पण एका बाजारात सगळ्यांनीच मुठी झाकल्या की हातात खरंच सव्वा लाख असलेल्यालाही कुणी सव्वा लाख देत नाही.

जपानमध्ये लोक जास्त प्रामाणिक आहेत का?

ज्या देशातून गाडी आली तिथे या दुखण्यावर इलाज शोधलेला आहे. जपानमध्ये जुन्या गाड्या मोठ्या प्रमाणात लिलावात विकल्या जातात, आणि प्रत्येक गाडीला एक कागद असतो. लिलावगृहाचा स्वतःचा तपासनीस गाडी पाहून एकूण गुण देतो: ५, ४.५, ४, ३.५ असे. आतल्या भागाला वेगळे गुण. कागदावर गाडीचा सपाट आराखडा असतो आणि त्यावर खुणा. इथे ओरखडा, इथे पोचा, इथे पत्रा बदललेला. आणि गाडीचा सांगाडा दुरुस्त केलेला असेल तर आकड्याऐवजी 'आर' हे अक्षर. दरवाजा बदलला तर 'आर' मिळत नाही, सांगाड्याला हात लागला तर मिळतो. कातडीची जखम आणि हाडाची जखम त्यांनी वेगळी केली आहे.

यात विकणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर फारसं काही ठेवलेलंच नाही, हे लक्षात घ्यायला हवं. गुण देणारा वेगळा, त्याचा पगार त्या एका गाडीच्या भावावर अवलंबून नाही. त्यामुळे विकणाऱ्याला खरं बोलण्याचं धैर्य लागत नाही. मला ही व्यवस्था आवडते. माणसांना रोज धैर्य दाखवायला लावणारा समाज थकतो. पण तो कागद खूप पुढे जात नाही. गाडी जहाजात चढली की कागद हरवतो, कधी खोटा बनतो, कधी मीटर मागे फिरतो. व्यवस्था बंदरावर संपते आणि तिथून पुढे पुन्हा एकटा माणूस उभा असतो, ज्याला माहीत आहे आणि ज्याला कुणी विचारलेलं नाही.

मला वाटतं नैतिक प्रश्न खऱ्या अर्थाने तिथेच सुरू होतो. जिथे तपासनीस आहे तिथे खरं सांगणं ही सोय आहे.

मित्राने शेवटी त्या कागदाचीच नक्कल केली. एका पानावर गाडीचा आराखडा काढला आणि माहीत होतं ते सगळं लिहिलं. डावा मागचा बंपर ओरखडा. एसीचा आवाज. पुढचा अ‍ॅप्रन कापून जोडलेला, चॅसिस ओढलेलं, लिफ्टवरचे फोटो सोबत. वर स्वतःच मोठा 'आर' काढला. आवाज ऐकणाऱ्या त्या पोराला पाठवला. त्याने 'थँक्स दादा' लिहिलं आणि परत आला नाही. पुढे कुणीतरी, ज्याला गाडी रस्त्यावर न चालवता सुट्या भागांसाठी हवी होती, त्याने ती घेतली. किती पैसे कमी मिळाले ते मित्राने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते त्याच्या बाजूच्या रेघेतलं आहे.

गरज असलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा ठेवणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे का, हा प्रश्न मी टाळणार नाही. आमच्याकडे मिरचीच्या पोत्यात तोंडाशी चांगला माल आणि खाली दमट माल भरणारा शेतकरी मला माहीत आहे, आणि त्याच्याकडे बोट दाखवायला माझं बोट वर येत नाही. गरजेमुळे दोष किती द्यायचा हे बदलतं. पण बिल कुणी भरायचं हे गरजेने ठरत नाही. खालचा दमट माल शेवटी कुणाच्यातरी ताटात जातोच, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा शेतकऱ्याइतकाच गरजू असतो.

घेणाऱ्याचं काय

आतापर्यंत सगळा भार विकणाऱ्यावर टाकला. पण तो पोरगा फक्त टायरबद्दलच का बोलला? माझ्या मित्रानेही दीड वर्षापूर्वी फारसं विचारलं नव्हतं. आमच्या पिढीला माहिती शोधता येत नाही असं कुणी म्हणणार नाही. हजाराचे इअरफोन घ्यायला आम्ही चार व्हिडिओ बघतो. पण लहानपणापासून हवी असलेली गोष्ट समोर उभी असताना माणूस प्रश्न विचारत नाही, कारण उत्तर येईल अशी भीती असते. विचारलं आणि तो 'हो, ठोकलेली आहे' म्हणाला, तर वहीच्या मागच्या पानावरची गाडी पुन्हा वहीत जाणार. म्हणून आपण टायरचं विचारतो. विकणाऱ्याच्या गप्प बसण्यात घेणाऱ्याच्या न विचारण्याचाही वाटा असतो, आणि मुरलेला विकणारा ते पहिल्या दोन मिनिटांत ओळखतो.

त्याने विकणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. समोरच्याला ऐकायचं नाही हे ओळखून गप्प बसणं तर त्याच्या प्रेमाचे पैसे करणं झालं. पण घेणाऱ्यालाही स्वतःच्या स्वप्नाशी थोडं प्रामाणिक राहावं लागतं. ज्या गाडीबद्दल एक साधा प्रश्न विचारण्याची आपली हिंमत नाही, ती गाडी आपल्याला हवीय की तिचं चित्र?

म्हणून जुनी झेड असो, जुनी बुलेट असो की जुना लॅपटॉप, टोकन देण्याआधी घोड्याचं तिसरं उदाहरण आठवावं. विकणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एकच वाक्य लिहून पाठवायचं: गाडीचा सांगाडा कधीही दुरुस्त झालेला नाही असं मी धरून चाललोय, तसं नसेल तर कळवा. मग वाट बघायची. उत्तर आलं तर बरंच. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काहीच आलं नाही, तर त्या शांततेचा अर्थ काय घ्यायचा हे १८७२ सालीच लिहून ठेवलेलं आहे.